स्वच्छ नमुना

मायक्रोबायोलॉजी हा विषय मी काही हौसेनं घेतला नव्हता. बी.एस्सी.ला केमिस्ट्री आणि बॉटनीच्या जोडीला तिसरं काहीतरी घ्यायलाच हवं होतं आणि गणिताची मला धास्ती होती. निपाणीजवळच्या आमच्या गल्लीतून शिकायला बेळगावला गेलेली मी पहिलीच मुलगी, त्यामुळे ह्या विषयाचं पुढे काय होतं हे सांगणारं घरात कुणी नव्हतं. आईनं मात्र शेजारणींना परस्पर सांगून टाकलं की पोरगी रोगावरचं शिकायला लागलीया. मी चिडले. मला अजून सूक्ष्मदर्शकात स्वतःच्या पापणीच्या केसांपलीकडे काही दिसत नव्हतं.

बेळगावला लागूनच असलेल्या पिरनवाडीत आम्ही चार मुली एका खोलीत राहायचो. वर्गात पुस्तक इंग्रजी, समजावणं कानडीत, आणि माझं डोकं मराठीत. मॅडम बोलत असायच्या आणि मी दोन वाक्यं मागे असायची. त्या काळात मला सतत राग यायचा, कुणाचा ते नक्की सांगता येत नसे.

आई विड्या वळायची. लग्न होऊन आली तेव्हापासून मांडीवर सूप, सुपात जर्दा आणि कातरलेली पानं, हे तिचं रोजचं बसणं. खोकला आमच्या गल्लीत कुणाला नव्हता? तंबाखूचा खोकला म्हणून सगळ्या बायका तो अंगावर काढायच्या. पण दिवाळीनंतर आईचा खोकला थांबेना. संध्याकाळी अंग तापायचं आणि ब्लाउज खांद्यावरून घसरायला लागले. आप्पांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, तिला सरकारी दवाखान्यात नेलं. तिथल्या सिस्टरनं झाकणाची प्लास्टिकची डबी दिली आणि उद्या सकाळी कफ आणा म्हणून सांगितलं. तपासणीत टीबी निघाला नाही. महिन्याभरानं पुन्हा डबी दिली, तेव्हाही नाही.

"टीबी न्हाय, मग काय बी न्हाय," आप्पा म्हणाले. फोनवर हे ऐकून मी खोलीतल्या मुलींना चहा पाजला. आईला खोकल्याचं औषध मिळालं. एक्स-रे काढा म्हणून चिठ्ठी दिली होती, पण ज्याची भीती होती ते नाही म्हटल्यावर त्या चिठ्ठीकडे कुणी बघितलं नाही. आई बारीक होतच राहिली.

दुसऱ्या सेमिस्टरला प्रॅक्टिकलमध्ये आम्हाला आपल्याच दातांवरचा थर काडीनं खरवडून काचपट्टीवर घ्यायला लावला. जाळावर धरून सुकवायचा, जांभळा रंग घालायचा, धुवायचा, मग बघायचं. मला पहिल्यांदाच काहीतरी नीट दिसलं. मोडलेल्या पापडाच्या तुकड्यांसारख्या पसरट पेशी आणि त्यांच्यावर बारीक ठिपके. मी खुश होऊन मॅडमना बोलावलं. त्यांनी डोळा लावून बघितलं आणि म्हणाल्या, ह्या गालाच्या आतल्या पेशी, थुंकीत ह्याच असतात. मग जाता जाता सगळ्यांना म्हणाल्या, कफाच्या तपासणीत नुसत्या ह्याच दिसल्या तर समजायचं की पेशंटनं कफ दिलाच नाही, थुंकी दिली. त्या रिपोर्टला काही अर्थ नसतो.

बाकीच्यांनी ते लिहून घेतलं. मी पेन हातात धरून आईच्या दोन डब्यांचा विचार करत होते.

शनिवारी घरी गेले. रविवारी सकाळी आई मोरीपाशी बसून मिश्री लावत होती. तव्यावर काळीभोर भाजलेली तंबाखू कुटून ती बोटानं दातांना घासायची. आमच्याकडच्या बायकांची सकाळ त्याशिवाय सुरू होत नाही. मी शेजारी बसले.

"आई, दवाखान्याच्या डबीत थुकलीस ते कवा? उठल्या उठल्या?"

"उठल्या उठल्या कसं? मिश्री नको लावायला? मिश्री लावली, खाकरून घसा सगळा मोकळा केला, चुळा भरल्या, मग दिलं की."

"आणि खाकरून पडलं ते?"

"ते मोरीत." ती माझ्याकडं बघायलाच लागली. "असली घाण कुणाच्या हातात देत्यात व्हय गं? ती सिस्टर बी कुणाची तर लेकच हाय."

दोन्ही वेळा तिनं असंच केलं होतं. दुसऱ्यांदा तर जास्तच चुळा भरून, कारण पहिल्या डबीत मिश्रीचा काळसर रंग उतरला होता आणि तिला लाज वाटली होती. डबीसुद्धा तिनं आधी राखेनं घासून घेतली होती.

मला तिचा राग आला, सिस्टरचा आला, आप्पांचा आला. डबी हातात देताना आतून खोकून काढा एवढं सांगायला कुणाचं तोंड दुखत होतं? दवाखान्याच्या भिंतीवर सगळं लिहिलेलं होतं म्हणे, कानडीत. आई मराठी चौथी शिकलेली. पण खरं सांगते, मराठीत लिहिलं असतं तरी आईनं हेच केलं असतं. परक्या माणसासमोर घाण तोंडानं जाणं तिला मेल्याहून मेल्यासारखं होतं.

मी कॉलेज बुडवलं आणि सोमवारी दवाखान्यातून नवी डबी आणली. दुसऱ्या दिवशी पहाटे आईला मिश्री लावू दिली नाही. तिचं डोकं उठलं. "जरा बोटभर लावू दे गं," म्हणून ती लहान पोरीसारखी गयावया करत होती आणि मी हवालदारासारखी उभी होते. साध्या पाण्यानं चूळ भरायला लावली, खोल श्वास घ्यायला लावला, खोकायला लावलं. ती माझ्याकडं पाठ करून, गुडघे धरून खोकत राहिली. डबीत जे पडलं ते पिवळं, घट्ट होतं आणि त्यात रक्ताचा धागा होता. तिनं झाकण लावलं आणि ती डबी दवाखान्यापर्यंत पदराखाली लपवून नेली.

ह्या वेळी टीबीचे जंतू सापडले. भरपूर सापडले. तपासणाऱ्यानं मला बाजूला घेऊन विचारलं, इतके दिवस कुठं होता? बेळगावच्या मोठ्या दवाखान्यात एक्स-रे काढला. तिथल्या डॉक्टरांनी तो उजेडात धरला. डावीकडचं फुप्फुस जवळजवळ गेलं होतं, उजवीकडेही सुरुवात झाली होती. "चार महिन्यांपूर्वी आला असता तर गोष्ट वेगळी होती," ते म्हणाले. आम्ही चार महिन्यांपूर्वी गेलो होतो. आप्पा एक्स-रेचं पाकीट घेऊन उठले.

बाहेर बाकावर आई माझ्याजवळ सरकून बसली. तोंडावर पदर धरला होता, त्यातूनच हळू आवाजात म्हणाली, "ह्या टायमाला तर बरोबर दिलं न्हवं मी?"

वर्गात उत्तर देऊन मॅडमकडं बघणाऱ्या मुलीसारखी ती माझ्याकडं बघत होती.

"व्हय आई," मी म्हटलं. "एकदम बरोबर."

तिला बरं वाटलं. चेहऱ्यावर दिसत होतं तसं. गोळ्या तिनं एकही न चुकवता घेतल्या, आणि दुसऱ्या महिन्यात ती गेली.