देखाव्यातला ओढा

कुवेतमध्ये आमचा गणपती घरातच बसतो. आरती हळू आवाजात, टाळ्या त्याहून हळू. सजावटीच्या स्पर्धेत मात्र कुणी माघार घेत नाही. परीक्षक मंडळी सलवा, रुमैथियापासून पार मंगफपर्यंत घरोघर फिरतात, मोदक खातात आणि गुण देतात. यंदाचं बक्षीस आपलंच, असं मी सगळ्यांना आधीच सांगून ठेवलं होतं. मी शाळेत भूगोल शिकवते. फुलांच्या माळा आणि थर्माकोलची देवळं मला पोरकट वाटतात.

उन्हाळ्यात आम्ही आल्प्सला जाऊन आलो होतो. तिथला एक डोंगरी ओढा माझ्या डोक्यात बसला होता. इतका उभा, की वाहतो म्हणायचं तेवढं, एरवी कोसळतोच. देखाव्यात मी तोच केला. बाप्पाच्या बाजूला प्लास्टरचा कडा, माथ्यावर नरसाळ्यासारखी खोलगट जागा, जिथं चहूकडचं पाणी गोळा होतं. मधे अरुंद घळ. आणि पायथ्याशी, जिथं उतार संपतो, तिथं ओढ्यानं वर्षानुवर्षं आणून टाकलेल्या दगडगोट्यांचा आणि गाळाचा हातपंख्यासारखा पसरलेला ढीग, म्हणजे पंखा. त्या पंख्यावर लाल छपरांची घरं मांडली. फिश टँकचा पंप लावला, कुंड्यांतले खडे घेतले, आणि वाळूला तर इथं तोटाच नाही. बटण दाबलं की चिखलाचा लोंढा यायचा आणि घरांसकट खालच्या टबात पडायचा.

माझ्या सासूबाई आमच्याकडेच राहतात. साताऱ्याकडे, डोंगराच्या पायथ्याला त्यांचं घर होतं. काही वर्षांपूर्वी एका पावसाळ्यात ओढ्याच्या लोंढ्यात ते गेलं, आणि सासरेही गेले. हे मला माहीत नव्हतं का? चांगलं माहीत होतं. नवरा म्हणालासुद्धा, "आईसमोर हे नको गं." मी फणकारले, "अरे, युरोपातली घरं आहेत ती!" बक्षिसापुढे मला दुसरं काही दिसतच नव्हतं.

शुक्रवारी दुपारी परीक्षक आले. बिल्डिंगमधली पोरंही जमली. मला तर चेवच चढला. मी म्हटलं, "धो धो पाऊस पडतोय आणि ओढा अचानक आटला, तर काय समजायचं? वर दरड कोसळून पाणी अडलंय. तो बांध फुटला की सगळं एकदम खाली येणार. शहाणा असतो तो तेव्हा पळतो. दीडशहाणा बघायला जातो!" हशा पिकला. मी बटण दाबलं, घरं वाहून गेली. पोरं "अगेन! अगेन!" करत नाचायला लागली, म्हणून मी घरं धुऊन पुन्हा मांडली आणि पुन्हा बुडवली.

माणसं त्या पंख्यावर घरं का बांधतात, हे काही मी सांगितलं नाही. खाली नदीकाठी दलदल असते, वर कडा असतो. राहण्याजोगी, पिकाऊ, उन्हाची जमीन तेवढीच असते. पण ते सांगितलं असतं तर विनोदातली मजा गेली असती.

सासूबाई सोफ्याच्या टोकाला खिरापतीचं ताट मांडीवर घेऊन बसल्या होत्या. त्या हसल्या नाहीत, उठूनही गेल्या नाहीत. "बक्षीस तुमचंच" म्हणत परीक्षक निघाले, तेव्हा सासूबाईंनी प्रत्येकाच्या हातावर नीट खिरापत ठेवली.

सगळे गेल्यावर मी भांडी घासत होते. त्या मागं येऊन उभ्या राहिल्या.

"वढा आटायचं सांगितलंस, ते खरं हाय का गं?"

"कुठलं?" मी उगाचच विचारलं.

"पाऊस कोसळतोय, आन् वढ्याला पानी न्हाई. आमच्यात तसंच झालं हुतं. तुझं सासरं गप पडून हुते. मीच म्हनलं त्यास्नी, जरा वर जाऊन बघून या, पानी कुठं अडलंय. ते नको म्हनत हुते. मी भांडले, तवा गेले."

हे आम्हाला कुणालाच ठाऊक नव्हतं. म्हातारा हट्टी, कुणाचं न ऐकता गेला, असंच सगळं गाव म्हणायचं. माझा नवराही तेच धरून बसला होता. एवढी वर्षं बाईनं ते एकटीनं पोटात ठेवलं होतं. आणि निदान ओढा का आटतो, हे तरी तिला माहीत नव्हतं. ते मी आज सांगितलं, तेही दात काढत.

"ते तिकडचं असतं, आई," मी म्हटलं. "बर्फाच्या डोंगरातलं. आपल्याकडे तसं होत नाही." वर्गात कुणी असं उत्तर लिहिलं असतं तर मी त्याला शून्य दिलं असतं.

त्या म्हणाल्या, "तू शाळेत शिकवतीस. तुला ठावं असनार. चल, देवाम्होरं सांग."

त्यांनी माझा साबणाचा हात धरला आणि मला बाप्पासमोर नेऊन उभं केलं. मी सांगितलं. त्यांनी डोळे मिटले, पदर तोंडाला लावला आणि कितीतरी वेळ रडल्या. देवासमोर खोटं बोलले, त्याची मला लाज नाही. लाज वाटते ती त्या दुपारी सगळ्यांना हसवत खरं बोलले, त्याची.