पार्टिशनपलीकडची खोली

सकाळची ओपीडी संपते तेव्हा डॉ. विमल उटगे यांच्यात घरी जाऊन जेवायचंही त्राण उरत नाही. तपासणीच्या टेबलावरच त्या आडव्या होतात, पदर डोळ्यांवर ओढून घेतात. पंखा गरगरतो. सकाळभर ऐकलेले शब्द कानात फिरताहेत: चक्कर, कणकण, कसंतरीच होतंय. एकाची चक्कर उपाशीपोटाची, दुसऱ्याची कानाची, तिसरीची नवऱ्याच्या दारूनं आलेली. शब्द मात्र एकच.

शेवटी येऊन गेलेल्या बेबीताई जाधवर डोळ्यांपुढून हलत नाहीत. शाळेत मुलांची खिचडी शिजवणारी बाई. रोज संध्याकाळी बारीक ताप, अंग उतरत चाललेलं, आणि रिपोर्ट सगळे चांगले. आज तिनं सरळ विचारलं, मला झालंय तरी काय? विमलताईंनी मान वर न करताच सांगितलं, व्हायरल असेल, जाईल. आणि गोळ्या बदलून दिल्या.

डोळा लागतो न लागतो तोच पार्टिशनपलीकडे खुर्ची कुरकुरते.

तिथं त्यांचे यजमान, डॉ. शिवदास, बसायचे. मधे एक प्लायवूड ठेवून दोघांनी अख्खी प्रॅक्टिस केली. अडलं की विमलताई पलीकडे जायच्या आणि निवांत होऊन परत यायच्या. गेल्या उन्हाळ्यात ते गेले. तेव्हापासून दोघांचेही पेशंट त्या एकट्याच बघतात.

"विमल, जरा येतेस का?"

त्या उठतात. आत शिवदास बसलेत, पण खोली त्यांची नाही. दोघं डॉक्टरकी शिकले त्या अंबाजोगाईच्या होस्टेलची मेस आहे, लांबच लांब बाकं, आणि बाकांवर गावातले पेशंट रिकामी ताटं पुढ्यात घेऊन गप्प बसलेले.

"यातले निम्मे माझे," ते ओशाळून म्हणतात. "तुझ्या अंगावर पडले."

विमलताई बेबीताईंचं सांगायला लागतात. ताप कधी येतो, वजन किती घटलं, एक्स-रे, रक्त, लघवी. शिवदास नेहमीसारखे डोळे मिटून ऐकतात. बोलता बोलता मेस राहत नाही. दोघं शाळेच्या व्हरांड्यात बसलेत, समोर मोठं पातेलं रटरटतंय आणि ढवळायला कुणी नाही.

"काय असेल हो?"

"मला नाही माहीत."

त्यांना रागच येतो. "तुम्हाला माहीत असायचं. मी विचारलं की लगेच सांगायचात."

"रोगाचं नाव कुठं सांगायचो? उद्या परत बोलव, एवढंच म्हणायचो. तू तेवढ्यानं हलकी व्हायचीस. मला वाटायचं, असू दे."

खरंच होतं ते. पेशंटलाही ते तसंच सांगायचे, मला अजून कळलेलं नाही, पण मी सोडणार नाही, उद्या या. आणि लोक यायचे.

"आता तेवढंही होत नाही माझ्याच्यानं," विमलताई म्हणतात.

शिवदास त्यांचा डावा दंड हातात घेऊन बीपीचा पट्टा गुंडाळतात. घरात दोन डॉक्टर, सगळ्या गावाचं बीपी मोजलेलं, आणि यांच्या मेंदूतली नस फुटेपर्यंत यांचं मात्र दोघांपैकी कुणीच मोजलं नव्हतं. हे विमलताईंना बोलायचंय, पण ओठ हलत नाहीत. पट्टा आवळत जातो. शिवदास मान खाली घालून, कानाला स्टेथोस्कोप लावून, खूप वेळ ऐकत राहतात.

"किती आहे?"

ते मान वर करतात, आणि विमलताईंना वर फिरणारा पंखा दिसतो. दवाखाना रिकामा आहे.

त्या उठून आधी फोन लावतात. बेबीताईंना सांगतात की संध्याकाळी परत या, काय झालंय ते मला अजून कळलेलं नाही, आपण पहिल्यापासून बघू.

"येते, ताई," बेबीताई म्हणतात. "बरं झालं तुम्ही म्हणलात. मला वाटलं, मीच सोंग करायले का काय."

फोन ठेवताना डावा हात बधिर लागतो. बाहीच्या खाली, दंडाभोवती, रुंद तांबूस वळ उमटलाय. विमलताई दुसऱ्या हातानं तो चाचपतात. पट्ट्याच्या कापडाची वीणसुद्धा बोटांना लागते.