साध्या पाण्याचे पिंजरे

गल्लीतली मुलं त्याला उंदीरमामा म्हणायची. त्याला राग यायचा नाही. निदान कुणी मामा तरी म्हणत होतं. बायको गेल्यापासून दोन खोल्यांत तो एकटाच. रसायनं तपासणाऱ्या प्रयोगशाळेत पांढऱ्या उंदरांची देखभाल करायची, भुसा बदलायचा, पिंजरे धुवायचे, खाणंपिणं बघायचं, हे त्याचं काम. आत जाताना अंघोळ, बाहेर येताना पुन्हा अंघोळ. अंगाला तेल नाही की अत्तर नाही. शिवाय कामाबद्दल बाहेर चकार शब्द काढायचा नाही. मग चारचौघांत बसून बोलणार तरी काय?

त्या वर्षी फ्लोरिनचं एक नवं रसायन तपासायला आलं. कापडावर, भांड्यावर त्याचा लेप दिला की तेल-पाणी चिकटत नाही म्हणे. अर्ध्या उंदरांना ते पाण्यातून द्यायचं, अर्ध्यांना नुसतं साधं पाणी, आणि शेवटी सगळ्यांना मारून दोन्हींच्या यकृतांची तुलना करायची.

साध्या पाण्याच्या पिंजऱ्यांत एक मादी होती. झाकण उघडलं की आपणहून त्याच्या तळहातावर चढायची.

"काय गं म्हातारे, झाली का झोप?" तो विचारायचा. कित्येकदा दिवसभरात त्याच्या तोंडून निघालेलं तेवढंच वाक्य असायचं.

चाचणी संपत आली. रसायनवाले उंदीर रोडावले होते, साध्या पाण्याचे मात्र टुणटुणीत. धीर करून त्यानं चाचणी बघणाऱ्या डॉक्टरबाईंना विचारलं, "बाई, यांना तर काहीच झालेलं नाही. एखादीला ठेवून घेतलं तर?"

बाईंनी हातातलं काम थांबवलं. "मामा, निरोगी यकृत शेजारी ठेवल्याशिवाय दुसरं किती बिघडलंय हे कसं कळणार? सगळेच जाणार." मग आवाज खाली आणून म्हणाल्या, "त्या दिवशी तुम्ही रजा घ्या. देखभालवाले घेतातच."

"घरी बसून काय करू?"

त्या दिवशी तो कामावर गेला. गुंगीच्या वायूच्या पेटीत ठेवायला त्यानं तिला स्वतः उचललं. ती जराही बावरली नाही. ओळखीचा हात होता ना. तेच त्याच्या जिव्हारी लागलं.

दुपारी बाई जवळ आल्या. रसायनवाल्यांची यकृतं चांगलीच सुजली होती. "आणि तुमची ती," त्याला बरं वाटावं म्हणून त्या म्हणाल्या, "तिचं अगदी छान होतं."

"हो का," तो म्हणाला आणि हात धुवायला गेला.

पुढे ते रसायन नापास झालं, बाजारात आलंच नाही. सगळ्यांनी एकमेकांचं कौतुक केलं, त्याचंही केलं. चांगलंच काम झालं होतं, हे त्यालाही पटत होतं.

रविवारी धाकट्या बहिणीचा फोन आला तेव्हा तो एकदम म्हणाला, "आमच्याकडची एक गेली गं."

"अरे देवा, कोण?"

"उंदरीण."

बहीण खळखळून हसली. तो हसत नाही म्हटल्यावर थांबली. "दादा, चार दिवस राहायला ये ना इकडे."

"पिंजरे कोण बघणार?"

नवे उंदीर आले होते. यांच्याशी बोलायचं नाही, असं त्यानं ठरवलं आणि ते जमलंही. हल्ली संध्याकाळी भाजी घेताना त्याला भाव विचारण्याआधी दोनदा खाकरावं लागतं, तेव्हा कुठे आवाज फुटतो.