कापलेल्या केळीचा पोंगा

निवृत्त होऊन काही वर्षे झाली, पण ती घटना आठवली की आधी केळीचे कापलेले खोडच डोळ्यांसमोर येते.

भुसावळच्या पलीकडे केळीच्या पट्ट्यातल्या एका ठाण्यात मी तपासी अधिकारी होतो. मूळचा धुळ्याकडचा, कापसातला. केळीतले मला काही कळत नव्हते. एका सकाळी गावातल्या आबांचा फोन आला. अजून घड न धरलेल्या त्यांच्या बागेतली झाडे कोणीतरी कापली होती. नुकतेच उजाडताना पुतण्याला कोयता घेऊन पळताना पाहिले, असे ते म्हणाले. बांधावरून दोघांचे वाकडे होतेच. लगेच जाऊन, उजाडल्यापासून दोन तासांच्या आत पंचनामा केला, फोटो काढले, पुतण्याला अटक केली. त्याला जामीन मिळाला. अट एकच, दर सोमवारी ठाण्यात हजेरी.

आरोपी कोठडीत असला की दोषारोपपत्राची मुदत डोक्यावर असते. चुकली तर तो सुटतो. हा तर आधीच बाहेर. फाईल गठ्ठ्यात खाली गेली. पुतण्याची वरणगावकडे एका कारखान्यात निवड झाली होती, पण चारित्र्य पडताळणी या केसपाशी अडली होती. सही करून तो माझ्या टेबलाशी थांबायचा.

"साहेब, कोर्टात पाठवा नाही तर मले सोडा. मधी कायले लटकावता?"

"बाहेर आहेस ना? मग घाई कसली?" हवालदार म्हणायचे. मीही हसायचो.

वर्ष उलटले. श्रावणात घरी सत्यनारायण होता. खांबांसाठी क्वार्टरमागची केळ मी दुपारी कापली. आरतीनंतर सहज मागे गेलो, तर खोडाच्या मधून गुंडाळलेल्या कोवळ्या पानाचा पांढरा पोंगा दोन बोटे वर आलेला. गंमत वाटली. येता-जाता पाहत राहिलो. वीतभर व्हायला दुसरी सकाळ उजाडली, आणि मला पंचनाम्याचे फोटो आठवले.

फाईल काढली. प्रत्येक खोडातून वीतभर पोंगा. म्हणजे झाडे आदल्या संध्याकाळीच कापलेली.

आबांना बोलावले. चहा दिला, फोटो पुढे सरकवला आणि विचारले, "आबा, दोन तासांत पोंगा इतका येतो?"

त्यांनी फोटो परत माझ्याकडे सरकवला. "झाडं मीच कापली, साहेब. तुम्ही कापसातले. वाटलं, नाही कळायचं."

संध्याकाळी पुतण्या भुसावळला चारचौघांत असायचा. पहाटे मात्र शेतात मोटार सुरू करायला एकटा जायचा. म्हणून फिर्यादीत पहाट आली.

फिर्याद खोटी असल्याचा अहवाल कोर्टात पाठवला, तो मंजूर झाला. तोवर कारखान्यात दुसरा मुलगा रुजू झाला होता.

जामिनावरचा माणूस मोकळा असतो, असे आम्ही समजत होतो. कोठडीतल्याची मुदत कायदा पाहतो; बाहेरच्याचे आयुष्य आमच्या सवडीवर असते, हे मी या केसमध्ये शिकलो.

पुतण्याला बोलावून सगळे सांगितले. तो चिडला नाही. एवढेच विचारले, "साहेब, हे फोटो तुमच्यापाशी पहिल्या दिवसापासून व्हते ना?"

मी हो म्हणालो.