उमाईची डहाळी

गौराबाई माझी चुलत जाऊ. खालापूरच्या अलीकडं आमचं गाव आहे, तिथं आम्ही दोघी एकाच वैशाखात सुना म्हणून आलो. माझं लग्न आधी, तिचं आठ दिवसांनी. तेवढ्या आठ दिवसांचा काय तो माझा थोरपणा. पुढची पन्नास वर्षं पुढं तीच.

गौराबाई धवलारीण आहे, म्हणजे लग्नात हळदीपासून धवले गाणारी बाई. आमच्यात भटजी उशिरा आला तर चालतं, धवलारीण आली नाही तर नवऱ्याला हळद लागत नाही. शेलूहून, मोहोपाड्याच्या कॉलनीतून तिला गाडी येते. ती पुढच्या सीटवर बसते आणि आमच्या दारावरून जाताना काच खाली करते. थंडीच्या दिवसांतसुद्धा करते.

पुढचे दोन दात नाहीत, तोंडात सदा मशेरी. पण गायला लागली की मांडवातली पोरं रडायची थांबतात. हे मी कौतुकानं सांगत नाही, झालं ते सांगते. माझ्या प्रवीणच्या लग्नात वरमाय मी, आणि फोटोवाला तिचे फोटो काढत होता. आमचे हे, सहदेव, घास हातात धरून तिकडं कान लावून बसलेले. माझ्या हातच्या भातासाठी ते असे कधी थांबले नाहीत.

तिची एक सवय मला फार खुपायची. पहिला धवला लावायच्या आधी ती डोक्यावर पदर घेई आणि म्हणे, "शेलूच्या बायजा आत्यानं दिलं, गौरा नुसती वाहते." बायजा आत्या तिच्या माहेरची धवलारीण, जाऊन चाळीस वर्षं झाली. लोक म्हणत, काय गरीब स्वभाव. मला वाटे, एवढं गाऊन पोट भरत नाही, वर हे आणखी कशाला.

लग्नानंतर दुसऱ्या वर्षी मी तिला म्हटलं होतं, "गौरा, मलापन शिकव गं."

ती म्हणाली, "तुजा गला कांदा चिराया बरा, सुंदरे. ऐकनाराच्या डोल्यात पानी येल."

विहिरीवरच्या बाया हसल्या. मीही हसले. घरी येऊन कांदाच चिरला.

मग मी चोरून शिकले. तिच्या पडवीत आणि माझ्या पडवीत एक कुडाची भिंत होती. ती पलीकडं भात कांडताना गायची, मी अलीकडं तांदूळ निवडत ऐकायचे. लग्नात मी सदा चुलीपाशी, तिथं धड ऐकू कुठं येतंय. शिकलेलं शेतावर एकटी असताना म्हणायचे. पुढं हर्षला झाली, माझी नात, तिला मांडीवर घेऊन म्हटलं. तिला गळ्याशी काही देणंघेणं नव्हतं. ती झोपायची.

तीच हर्षला आता कर्जतच्या कॉलेजात एम.ए. करते. यंदा तिनं शोधनिबंधाला विषय घेतला, लग्नातले धवले. वही घेऊन माझ्यापुढं बसली. मी सात धवले सांगितले.

"आजी, दुसऱ्याचे शब्द घेतले की अवतरणचिन्हात टाकायचे," ती म्हणाली. "आणि कुणाकडून घेतले ते खाली तळटीपेत लिहायचं. नाव, गाव, वय, तारीख. नाहीतर मॅडम चोरी धरतात. तुझं नाव टाकू ना?"

चोरी म्हटल्यावर मी तांब्या उचलून पाणी पिऊन घेतलं. मग म्हटलं, "टाक."

मी चौथीपर्यंत शिकलेली. माझं नाव आजवर रेशनकार्डावर आणि मतदार यादीत, तेही चुकीचं. गौराबाईला तर वाचताच येत नाही. तिला कुठून कळणार होतं?

निबंध द्यायच्या आदल्या सकाळी हर्षला ओटीवर मोठ्यानं वाचत होती. नेमकी गौराबाई विरजणाला ताक मागायला आली आणि खांबाला टेकून बसली.

"मांडवाच्या दारी उमाईची डहाळी," हर्षलानं वाचलं.

"उमाई कोन गं?" गौराबाई म्हणाली.

हर्षला खूश झाली. "पार्वती, आजी. मी तळटीप दिलीय. लग्नात देवीची फांदी पुजायची जुनी चाल असणार." अर्धं पान लिहिलं होतं तिनं त्या उमाईवर.

गौराबाईनं माझ्याकडं बघितलं. मांडवाच्या दारी उंबराची डहाळी लावतात, हे आमच्यातलं शेंबडं पोर सांगेल. गौराबाई गाताना उंबराला लाडानं उंबराई म्हणते. मशेरीतून निघून, कुडातून गाळून माझ्यापर्यंत पोचली तेव्हा तिची उमाई झाली होती. ते मलाही त्या घडीला कळलं.

आता ही बोलणार आणि उद्या विहिरीवर गाव हसणार, म्हणून मी मान खाली घालून बसले. गौराबाई ताकाचं भांडं उचलून एवढंच म्हणाली, "तुज्या आजीला ठाव असंल. चांगलं लिवलंस, बाय." आणि गेली.

आता सांगा, असं कुणी वागतं का? गळा तिचा, गाणी तिची, आणि मनही तिचंच मोठं. मला काही ठेवायचं की नाही?

दुपारी मी हर्षलाला म्हटलं, "ती उमाई खोड. उंबराई हाय ती. आन् गानी माजी नायत, गौराची हायत. कुडाआडून घेतली मी."

तिनं वही छातीशी धरली. "अगं, उद्या द्यायचंय. माझं अर्धं पान जातंय."

"जाऊ दे. आन् गौराच्या नावाखाली बायजा आत्याचं लिही, शेलूची. तुजी मॅडम सांगते ते गौरा दर मांडवात करते."

हर्षला वही घेऊन पलीकडं गेली. आली तेव्हा वहीत अकरा धवले होते. त्यातले चार भिंतीतून माझ्याकडं कधी आलेच नव्हते.

"तुझं नाव काढू का, आजी?"

"काढू नको. उमाई माजी हाय. तिच्याम्होरं ठेव."

तिनं लिहिलं, 'उमाईची, असा पाठभेद सुंदराबाई भोईर यांच्याकडून ऐकला.' चुकीला कॉलेजात पाठभेद म्हणतात. शब्द मला आवडला.

संध्याकाळी छापून आणलेला निबंध तिनं दाखवला. शेवटच्या पानावर नावांची यादी. मी बोट ठेवून वाचलं. भोईर, गौराबाई. तिच्या खाली भोईर, सुंदराबाई.

"हितंबी तीच आधी?"

"अक्षरक्रम असतो, आजी. ग आधी, स नंतर."

"तारखेवरून नाय का लावता येत?"

"कसल्या तारखेवरून?"

"लगीन कुनाचं आधी झालं, त्या."