नवरदेवाच्या गाडीतला हीटर

सणसवाडीच्या कारखान्यातल्या एका मॅनेजरकडून मी ती गाडी घेतली, तेव्हाच ती जुनी होती. चार दारांची, पेट्रोलवरची, मधल्या आकाराची. पण स्वभाव शर्यतीचा. तिसऱ्या गिअरमध्ये पाय दाबला की ती ट्रकला मागे टाकी आणि वळणावर रस्ता सोडत नसे. ब्रेक चोख होते. उणिवाही तितक्याच ठळक होत्या. पोट जमिनीला टेकायला आलेलं, मागे बसणाऱ्या उंच माणसाचं डोकं छताला लागणारं. शिवाय हळू चालवावी लागली की इंजिन तापायचं. आमच्या शिरूरमध्ये लोकांना तिचा वेग तेवढा ठाऊक होता.

म्हणूनच शेजारच्या घरातल्या लग्नात नवरदेवासाठी ती मागितली गेली. मुलगी यवतची. तिच्या थोरल्या काकांना हे स्थळ पसंत नव्हतं. बोलणी करायला शिरूरची माणसं दोन्ही वेळा उशिरा पोचली होती, आणि त्यावरून काकांनी निरोप धाडला होता : दुपारी जोहरच्या नमाजेआधी निकाह लागला पाहिजे, न्हाईतर वरात आल्या पावली परत न्या. नवरदेवाच्या वडिलांना ही धमकी पोकळ वाटली नाही.

वऱ्हाडाची बस सकाळीच गेली. आम्ही मागे राहिलो, कारण नवरदेवाचे मामू गाडी सजवत होते. बॉनेटपासून बंपरपर्यंत त्यांनी झेंडू आणि गुलाबाची घट्ट विणलेली चादर बांधली. मामूंचं समाधान होईपर्यंत ऊन चढलं.

न्हावऱ्यापर्यंत गाडी छान पळाली. पुढे उसाचे ट्रॅक्टर लागले. मार्च सुरू झाला तरी ऊसतोड संपली नव्हती. प्रत्येकामागे दोन भरलेल्या ट्रॉल्या, आणि समोरून रिकाम्या परतणाऱ्या. ओलांडायला जागा नव्हती. टेंपरेचरचा काटा मध्यावरून वर सरकू लागला. मी एसी बंद केला, काचा उतरवल्या. काटा थांबला नाही.

"हीटर लावतोय," मी म्हणालो.

"गाडी तापली म्हनून आमाला तापवायचं व्हय?" मामूंनी मागून विचारलं.

"इंजिनची गरमी आत ओढून घ्यायची. दुसरा उपाय नाही."

"लावा. निकाहाआधी नवरा शिजला, तर आचारी तरी खूश हुईल."

कोणी हसलं नाही. नवरदेव शेरवानीत, सेहऱ्याआड गप्प होता. पायांवर भट्टीसारखी हवा येत होती. त्याचे वडील माझ्या शेजारी बसले होते. ते एकदा काट्याकडे, एकदा उन्हाकडे पाहत.

"पोचतो ना?" त्यांनी विचारलं.

पारगावच्या पुलाच्या अलीकडे बॉनेटखालून वाफ निघाली आणि मी गाडी बाभळीखाली घेतली.

समोर वाकून पाहिलं तेव्हा कारण दिसलं. फुलांनी पुढची जाळी पुरती बुजवली होती. रेडिएटरला वारा मिळतच नव्हता. फुलं काढा, असं मी म्हणताच मामू बंपरपुढे आडवे आले.

"बोडक्या गाडीतनं नवरा न्यायचा? त्यो मानूस आधीच टपून बसलाय. म्हनंल, शिरूरवाल्यांना चार हार जड झाले."

काका तसं म्हणाले असते, यात शंका नव्हती. वडील खाली उतरले. त्यांनी मेव्हण्याला हाताने बाजूला केलं.

"मामू, तिथं नवरा पोचवायचाय. फुलं न्हाई."

त्यांनी स्वतः दोऱ्या तोडल्या. इंजिन निवेपर्यंत थांबणं भाग होतं. तापलेलं झाकण उघडता येत नाही. त्या वेळात मागून आलेले आणखी ट्रॅक्टर आमच्या शेजारून पुढे गेले.

पाणी भरून निघालो. पूल ओलांडल्यावर जागा मिळेल तसे ट्रॅक्टर मागे टाकले. चौफुल्याला हायवे लागला आणि गाडीने आपला गुण दाखवला. काटा मध्यावर आला. तरी यवतमध्ये शिरताना जोहरची अजान कानावर पडली.

"झालं," मामू म्हणाले.

मांडवाच्या गल्लीत पाइपलाइनसाठी चर खणला होता. कुठलीही जीप तो पार करून गेली असती. आमची गाडी पोटावर अडकली असती. नवरदेव पायी निघाला. मांडवाच्या तोंडाशी काका उभे होते.

"बस आली, नवरा न्हाई," ते म्हणाले. "मला वाटलं, पळाला."

"गाडी तापली. चूक आमची हाय," वडील म्हणाले.

काकांनी नवरदेवाची बाही चिमटीत धरली. ती ओलीचिंब होती.

"आंगुळ करून आला काय, शेरवानीसकट?"

नवरदेव त्या प्रवासात पहिल्यांदा बोलला. "हीटर लावला होता."

"उन्हाळ्यात?"

"त्याच्याबिगर गाडी चालत नव्हती. तुमच्या येळेत पोचायचं होतं."

काकांनी बाही सोडली. मांडवातले लोक त्यांच्याकडे पाहत होते. वडिलांची मान खाली होती.

"पानी आना ह्याला," काका मागे वळून म्हणाले. "आन् काझीसाहेबांना म्हनावं, नमाज झाली की लगेच बसू."

नमाजेसाठी जमात उभी राहायला थोडाच अवकाश होता. मशिदीकडे जाताना काका नवरदेवाच्या पुढे चालत होते. दारात पोचल्यावर ते थांबले आणि त्याला त्यांनी आपल्या शेजारी घेतलं.