भिंतीपलीकडून बोला

"आता बोला काहीतरी, पण भांडू नका," असं म्हणून तो कान भिंतीला लावायचा आणि डोळे मिटायचा. जणू भिंतीची नाडीच पाहतो आहे.

आमच्या पुसदला जिप्समच्या बोर्डाच्या भिंती उभ्या करायचा तो. विटा नाहीत, सिमेंट नाही. पत्र्याची चौकट रोवायची, दोन्ही बाजूंनी बोर्ड स्क्रूनं आवळायचे, मध्ये आवाज अडवायला पिवळा कापूस भरायचा, सांध्यांवर जाळीची पट्टी अन् वरून पुट्टी. झाल्या एका खोलीच्या दोन. शेजारचे गुरुजी तिला खोटी भिंत म्हणायचे. त्यावर हा म्हणे, "गुरुजी, खोटी असती तं काल तुमच्या डोक्याले लागली नसती."

माणूस बडबड्या, अन् मीही काही कमी नाही, म्हणून आमचं जमलं. अंगावर कायम पांढरी भुकटी. चहाआधी मिशी झटकायचा, पण झटकायचा नेमकी कपावरच.

त्याचा खरा वैरी म्हणजे कूलर. आपल्याकडे उन्हाळ्यात त्याच्याशिवाय जीव राहत नाही, तुम्हाला सांगायला नको. लोक त्याच्या नव्या भिंतीलाच कूलर टेकवायचे. बोर्ड खालून भिजून फुगला की याला बोलावणं. हा फुगलेला भाग कापून काढायचा, नवा तुकडा बसवायचा आणि घरच्यांना एक शब्द न बोलता कूलरला रागवायचा, "काहून रे बाबा, तुले दुसरी जागा नव्हती?" घरचे मुकाट्यानं कूलर सरकवायचे.

आमच्याकडे तो आला तेव्हा मात्र माझा जीव थाऱ्यावर नव्हता. लेकाचं नवं लग्न. वरच्या मजल्यावर आमची एकच मोठी खोली अन् स्वयंपाकघर. एका कोपऱ्यात माझी खाट, दुसऱ्यात त्यांचा संसार, मध्ये साडीचा पडदा. लेक स्टँडजवळ भाड्याची खोली पाहून आला होता. सून जाऊ म्हणेना, राहू म्हणेना. मीही विचारेना, नको तेच ऐकायला मिळालं तर? विटांची भिंत वरच्या मजल्याला पेलणार नाही, असं मिस्त्री सांगून गेला, तेव्हा ही हलकी भिंत तेवढी हाताशी उरली.

दोन्हीकडून बोर्ड लागले. पुट्टी बाकी होती. आता त्याची परीक्षा. आवाज आला तर एक बाजू उघडून तो कापूस वाढवायचा. त्यानं सुनेला पलीकडे पाठवलं, मला आपल्याजवळ उभं केलं आणि ओरडून म्हणाला, "बोला वहिनी, मनात येईन ते. इकडे काही येत नाही."

पलीकडून तिचा आवाज आला. बारीक, पण स्वच्छ.

"मले नाही जायचं त्या भाड्याच्या खोलीत. पण आई एकदा तरी थांब म्हणतील ना? मीच कशी म्हणू?"

त्यानं कान काढला. माझ्याकडे पाहिलं.

"काकू, आलं काही ऐकू?"

हो म्हणावं तर पोरगी लाजेनं मरेल. मी तिला ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं म्हटलं, "नाही बा, काहीच नाही."

भिंत कच्ची निघाली होती, त्याच्या धंद्याच्या अब्रूचा प्रश्न. त्यानं स्क्रू काढायचं मशीन उचललं, जरा धरून ठेवलं, अन् खाली ठेवून दिलं.

"मग राहू देतो," तो म्हणाला. "इतकीच पक्की बरी."

मी तशीच पलीकडे गेले. सुनेला म्हटलं, "पोरी, थांब. नव्या भिंतीची खोली सोडून कुठं जाता?" ती "बरं आई" एवढंच म्हणाली आणि चहा ठेवायला गेली. त्या चहात साखर इतकी, की त्यानं कप दोनदा वाकून पाहिला.

तो आता पुसदला नाही. हैदराबादला मोठमोठ्या इमारतींत भिंती उभ्या करतो. मागे एकदा फोन आला.

"काकू, भिंत कशी आहे?"

"पक्की. तिकडचं इकडे काही येत नाही."

"अन् वहिनी?"

"आहे ना पलीकडे. नवऱ्याले सांगून राह्यली, वांगे आणा, पण काटेरी पाहून आणा."

तो जो हसत सुटला, की मला फोन कानापासून दूर धरावा लागला.

तेवढ्यात पलीकडून सून म्हणाली, "आई, भाऊले माहा नमस्कार सांगा."